बकरी घर उनी

डिसेंबरात नंदुरबारच्या आमच्या शाळेला
खिडक्या लावून घ्याव्या लागतात.
भिंतीपलीकडे पथारीवर मिरची वाळत असते,
नजर पोचेल तिथवर लाल,
आणि वारा सुटला की अख्खी दुसरी
एका दमात शिंकते.
गोष्ट तिथेच थांबते. नाकं पुसून होतात.
मग मी विचारते, कुठवर आलो होतो?

प्रशिक्षणात नव्हता हा प्रश्न.
मिरचीनं शिकवला.

गोष्ट माझीच, चहा उकळताना जुळवलेली.
एका बकरीची घंटी हरवते.
ती टेकडी चढते, ओढ्यातल्या खेकड्याला विचारते,
बाभळीला विचारते, बाभूळ काटे दाखवते फक्त.
अंधारात एका गोठ्यापाशी तिला आवाज येतो.
घंटी वासराच्या गळ्यात,
वासरू झोपेत मान हलवतंय.
बकरी ऐकत उभी राहते बराच वेळ
आणि मोकळ्या गळ्यानं घरी येते.

एवढीच.
आता तुम्ही सांगा.

अंगठा म्हणजे कोण, दुसरं बोट कुठे,
मधलं काय झालं, चौथं का,
करंगळी शेवट.
मुलं बोटं मोजतात, गोष्ट सांडते.
कुणाल गिरासेची बकरी मोटारसायकलवर बसून गेली.
वंतिकाच्या गोष्टीत खेकडाच मालक,
बकरी त्याच्याकडे आलेली पाहुणी, चहा न घेता निघालेली.
अफसानानं बकरीला पथारीवरून नेलं,
ती शिंकली, म्हणून वासरू जागं झालं.
(हे मला सुचायला हवं होतं.)

घंटी का नाही घेतली तिनं?
कुणी म्हणालं, वासरू उठी जाई.
कुणी मागून, तोंडात पेन्सिल धरून,
'ऐकू ई राह्यनी व्हती ना, मंग घेवानी कसाले?'
या उत्तराचं बोट कोणतं
ते मी अजून शोधते आहे.

केवल दाराशी बसतो.
मांडीवर बहीण, जमनी,
हजेरीपटात जिला जागा नाही.
आई पलीकडे देठ खुडते, हात जळजळतात म्हणून
पोरीला दिवसभर शिवत नाही.

केवल उभा राहिला.
'बकरी घर उनी.'
हा शेवट झाला रे. पहिल्यापासून.
'बकरी घर उनी. मंग तिन्ही घंटी हरपी गयी.'
वर्ग हसला. मी पुन्हा अंगठा दाखवला.
'बकरी घर उनी,' तो म्हणाला, जरा मोठ्यानं,
जणू ऐकू न येण्याची अडचण माझीच होती.

तक्त्यावर रकाना असतो: घटनांचा क्रम.
पेनाचं टोपण मी काढलं होतं.

खिचडीच्या सुट्टीत त्याच्याजवळ बसले.
येत नाही का सगळी?
'आख्खी येस माले,' तो म्हणाला.
'पन बकरी आंधारामा गयी का जमनी रडस.
म्हनीसन पहिले सांगी टाकस, घर उनी.
मंग ती ऐकस.'

जमनीनं घास तसाच धरला होता
आणि माझ्याकडे बघत होती,
मी काय करते ते.

रकाना कोरा आहे.
केंद्रप्रमुख येतील, विचारतील,
मी म्हणेन, राहून गेला.
खोटं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज कोल्ह्याची गोष्ट.
त्याला शेपटी परत मिळते.
आता ऐका.
कुणाल तिथल्या तिथे उठला,
'मंग हरपनी कव्हय?'
आणि दाराकडून, मांडीवरून,
आजवर वर्गात न ऐकलेल्या आवाजात,
'कशी मियनी?'

सांगणारच होते.
तेवढ्यात वारा सुटला.